सोंगातील सोबती आणि नकाराचा अधिकार

भूमिका घेऊन खेळावयाच्या ऑनलाइन खेळांत खेळाडूसोबत वावरणाऱ्या पात्रांशी प्रेमसंबंध जोडण्याची सोय असावी की नसावी, हा प्रश्न वरवर पाहता संगणकशास्त्राचा किंवा फार तर मानसशास्त्राचा वाटतो. मराठी साहित्याच्या अभ्यासकाने त्यात लक्ष घालण्याचे कारण काय, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. परंतु हे खेळ ज्या घटकांनी सिद्ध होतात ते घटक कथानक, पात्र, संवाद आणि रस हेच आहेत. आणि कल्पित पात्राशी आस्वादकाने कोणते नाते जोडावे, हा तर साहित्यविचाराचा जुनाच प्रश्न आहे. साक्रीसारख्या तालुक्याच्या गावी महाविद्यालयात येणाऱ्या विद्यार्थ्याच्या हाती कादंबरीच्या आधी भ्रमणध्वनी आलेला असतो. पात्राच्या सहवासाचा पहिला अनुभव त्याला कोणत्या संहितेतून मिळतो, याविषयी साहित्याच्या अध्यापकाने उदासीन राहणे योग्य ठरणार नाही.

१

या खेळप्रकाराचा इतिहास अर्धशतकाचा आहे. १९७४ मध्ये अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ प्रसिद्ध केला. चारसहा जणांनी एकत्र बसून एकेक भूमिका घ्यावयाची आणि एका सूत्रधाराच्या साहाय्याने कथा पुढे न्यावयाची, अशी त्याची रचना होती. १९७८ मध्ये इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ व रिचर्ड बार्टल यांनी अनेकांना एकाच वेळी संगणकावर खेळता येईल असा भूमिकाप्रधान खेळ सिद्ध केला. पुढे सूत्रधाराचे काम यंत्राकडे आले आणि खेळाडूच्या सोबत्यांपैकी काही पात्रे लेखकांनी लिहिलेली असू लागली. ही सोबतीची पात्रे लढाईत साहाय्य करतात, वाटेत बोलतात, सल्ला देतात, भांडतातही.

त्यांच्याशी प्रेम करण्याची सोय नंतरची. जपानमध्ये १९९४ साली निघालेल्या ‘तोकिमेकी मेमोरियल’ या खेळात सहाध्यायिनीचे प्रेम मिळविणे हेच खेळाचे उद्दिष्ट होते. कॅनडातील बायोवेअर या संस्थेने २००० मध्ये काढलेल्या ‘बाल्डर्स गेट २’ मध्ये सोबत्यांना स्वतःचा भूतकाळ व स्वतःची मते मिळाली आणि त्यांतील काहींशी खेळाडूचे प्रेम क्रमाक्रमाने फुलू शके. २०११ मधील ‘स्टार वॉर्स: द ओल्ड रिपब्लिक’ या खेळाने हीच सोय हजारो खेळाडू एकत्र वावरत असलेल्या ऑनलाइन विश्वात आणली. २०२३ मधील ‘बाल्डर्स गेट ३’ या बेल्जियममधील लॅरियन या संस्थेच्या खेळात तर सोबत्यांशी जुळणारे किंवा न जुळणारे संबंध हे कथेचे एक मुख्य सूत्रच झाले आहे. म्हणजे प्रश्न आता सोय असावी की नसावी एवढाच उरलेला नाही, ती आहे. ती कोणत्या अटींवर स्वीकारार्ह ठरते, याची मीमांसा होणे आवश्यक आहे.

२

भूमिका घेऊन खेळणे ही मराठी समाजाला अपरिचित गोष्ट नाही. तिच्यासाठी मराठीत ‘सोंग’ हा समर्थ शब्द आहे. एकनाथांनी भारुडांतून समाजाच्या सर्व थरांतील माणसांची सोंगे घेतली. पश्चिम खानदेशातील कोकणा समाजाच्या भोवाड्यात मुखवटा चढविलेला माणूस त्या रात्रीपुरता देव किंवा दानव असतो. सोंग घेणाऱ्याला आणि पाहणाऱ्याला ते सोंग असल्याचे भान असते, आणि तरीही ते खरे मानून वागावयाचे असते. या दुहेरी भानावरच सोंगाचे सौंदर्य अवलंबून आहे.

प्रस्तुत प्रश्नाला सर्वांत जवळचे उदाहरण मात्र मुलींच्या खेळाचे आहे. खानदेशात भाद्रपदी पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत मुली गुलाबाई मांडतात. काही भागांत तिलाच भुलाबाई म्हणतात. गुलाबाई आणि गुलोजीराव यांची मातीची मूर्ती, तिच्यापुढे सायंकाळी जमणारा मुलींचा मेळा, टिपऱ्या, सासर-माहेरची, डोहाळ्यांची, बाळाच्या बारशाची गाणी आणि शेवटी झाकलेला खाऊ ओळखण्याची चढाओढ, असा हा महिनाभराचा खेळ असतो. गाणाऱ्या मुली बहुधा अविवाहित असतात. पण गाण्यात त्या सासुरवाशिणीच्या तोंडून बोलतात. पुढे येणाऱ्या संसाराची ही रंगीत तालीमच होय.

या तालमीत काय गिरविले जाते, हे पाहण्यासारखे आहे. भोंडला, हादगा, भुलाबाई या एकाच परिवारातील एका सर्वपरिचित गाण्यात सून रुसून बसलेली आहे. सासू येते, सासरा येतो, दीर येतो, नणंद येते. प्रत्येक जण काही ना काही वस्तू देऊ करतो आणि ती प्रत्येक वस्तू नाकारते. गाण्याची सारी गंमत या नकारांच्या माळेत आहे. वस्तू वाढत जातात, पण मन वळत नाही. काही पाठांत शेवटी पती येतो तो चाबूक घेऊन, आणि मग सून घरी येते. लोकपरंपरेने येथे दोन्ही गोष्टी नोंदवून ठेवल्या आहेत: भेटवस्तूंनी विकत न घेता येणारे मन आणि ते मोडणारी सत्ता. ज्या वयात नकाराचा उच्चार घरात शक्य नसतो, त्या वयात तो खेळात उच्चारण्याची मुभा ही गाणी मुलींना देतात.

तमाशातील गवळणीचेही असेच आहे. मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणींची वाट कृष्ण आणि पेंद्या अडवितात, दान मागतात. परंतु प्रेक्षक रमतो तो मावशीच्या आणि गवळणींच्या उलट उत्तरांत. गवळणींनी मुकाट्याने दान देऊन टाकले, तर गवळण उभीच राहणार नाही. भागवतातील रासक्रीडेत प्रत्येक गोपीला कृष्ण आपल्याजवळच आहे असे वाटते. पण त्याआधी, त्याच्या सहवासाच्या सौभाग्याचा त्यांना गर्व होताच, तो अंतर्धान पावलेला असतो. शृंगारातील सोबती उठून जाऊ शकतो, ही जाणीव या सर्व परंपरेत मुरलेली आहे.

३

अशा खेळांतील प्रेमाला घेतला जाणारा पहिला आक्षेप नीतीचा आहे. कोवळ्या वयाची मुले कल्पित प्रेमात गुंतून बिघडतील, अभ्यास सोडतील, खऱ्या माणसांकडे पाठ फिरवतील, असे म्हटले जाते. हा आक्षेप कादंबरीनेही ऐकलेला आहे. ‘मुक्तामाला’ (१८६१), ‘मंजुघोषा’ (१८६८) यांच्या अद्भुतरम्य प्रेमकथा वाचणाऱ्या तरुणांविषयी अशीच चिंता व्यक्त होत असे. वि. का. राजवाडे यांनी १९०२ मध्ये लिहिलेल्या ‘कादंबरी’ या निबंधाचे महत्त्व असे की, अनेकांनी केवळ करमणूक मानलेल्या या वाङ्मयप्रकाराला त्यांनी गंभीर चिकित्सेचा विषय बनविले आणि अद्भुत व वास्तव या दोन प्रवृत्तींच्या आधारे त्याचा विचार केला. राजवाड्यांचे निधन १९२६ मध्ये धुळ्यात झाले आणि त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ १९२७ पासून त्याच शहरात आहे. वाङ्मयप्रकार नवा आहे म्हणून त्याला हीन लेखावयाचे नाही, ही वृत्ती खानदेशातील अभ्यासकांना त्यांच्याकडूनच घेता येण्यासारखी आहे.

शिवाय या आक्षेपात एक गृहीत दडलेले आहे. कल्पित प्रेम नसते, तर तरुणांना खऱ्या प्रेमाची वाट मोकळी असती, असे ते गृहीत होय. साक्री, पिंपळनेर, निजामपूर यांसारख्या गावांत मुलामुलींनी रस्त्यावर चार वाक्ये बोलणे हाही अजून चर्चेचा विषय होऊ शकतो; बहुसंख्य विवाह वडीलधारी मंडळी ठरवितात. अशा परिस्थितीत एखाद्याचे मन जाणून घेणे, विचारणे, उत्तराची वाट पाहणे, नकार पचविणे या क्रियांचा सराव तरुणांना होणार कोठे? पूर्वी तो काही अंशी नाटकाने, कादंबरीने, चित्रपटाने करविला. आज तो खेळ करवीत असतील, तर सरावावर बंदी घालण्याऐवजी सराव कशाचा होतो हे तपासणे अधिक उचित होय.

४

दुसरा आक्षेप अधिक मूलगामी आहे आणि त्याचे उत्तर साहित्यशास्त्रातच शोधावे लागेल. नाटकातील शकुंतला प्रेक्षकावर प्रेम करीत नाही. ती दुष्यंतावर प्रेम करते. प्रेक्षकाच्या ठिकाणी जो शृंगाररस उत्पन्न होतो तो साधारणीकरणामुळे, म्हणजे व्यक्तिगत संबंध गळून पडल्यामुळे. स्वतःच्या सुखदुःखात गुंतून पडणे हे अभिनवगुप्ताने रसाच्या विघ्नांत गणले आहे. खेळात मात्र प्रेक्षकच नायक होतो. सोबतीचे पात्र त्याच्याकडेच पाहून बोलते, त्याचेच नाव घेते. मग येथे रसाची शक्यता उरते काय? की उरते ती केवळ वैयक्तिक सुखाची तहान?

या शंकेत तथ्य आहे. तथापि तिचा निर्णय सरसकट करता येत नाही. खेळाडू ‘स्वतः’ खेळत नसतो, तो एक सोंग घेऊन खेळत असतो. गुलाबाईपुढे गाणारी मुलगी ज्याप्रमाणे सासुरवाशीण होते आणि नसतेही, त्याचप्रमाणे. सोंगाचे भान जागे असेल, तर नट आणि प्रेक्षक या दोन्ही अवस्था एकाच व्यक्तीच्या ठिकाणी नांदू शकतात. ते भान मावळले, तर रस संपतो.

येथे साहित्यशास्त्रातील आणखी एक संकल्पना फार उपयोगी पडते. रती उभयनिष्ठ नसेल, म्हणजे ती एकाच पक्षाच्या ठिकाणी असेल, तर तेथे शृंगार नसून शृंगाराभास असतो, असे विश्वनाथाने ‘साहित्यदर्पणा’त मानले आहे. ही कसोटी या खेळांना लावून पाहावी. सोबतीचे पात्र यंत्रातील असल्यामुळे त्याला खरे मन नाही, हे उघड आहे. पण कागदावरील शकुंतलेलाही ते नाही. प्रश्न कल्पित विश्वापुरता आहे. त्या विश्वात सोबतीला स्वतःची आवड, स्वतःचा भूतकाळ, स्वतःची नीती आहे काय? खेळाडूने काही केले तरी ती ‘हो’च म्हणणार असेल, तर तिच्या ठिकाणी रती लिहिलेलीच नाही, लिहिलेली आहे ती केवळ खेळाडूची इच्छा, दुसऱ्या आवाजात. तेथे शृंगाराभासच संभवतो. उलट ती रागावू शकते, नाकारू शकते, सोडून जाऊ शकते, तेथे तिच्या होकाराला अर्थ प्राप्त होतो. होकाराचे मोल नकाराच्या शक्यतेने ठरते.

५

या कसोटीवर खेळांमध्येच भेद करता येतो. २००९ मधील ‘ड्रॅगन एज: ओरिजिन्स’ या खेळात सोबत्याला भेटवस्तू दिल्या की त्याची मर्जी अंकांनी वाढते. रुसलेल्या सुनेच्या गाण्यात जे सासरच्या मंडळींना साधत नाही, ते येथे बऱ्याच अंशी साधते. परंतु त्याच खेळात अ‍ॅलिस्टर हा सोबती आहे. ज्या सेनापतीच्या विश्वासघाताने त्याचा गुरुतुल्य नेता मारला गेला, त्या सेनापतीला खेळाडूने जीवदान दिले, तर अ‍ॅलिस्टर साथ सोडून निघून जातो. तोवर दिलेल्या साऱ्या वस्तू त्याला थांबवू शकत नाहीत. एकाच खेळात बाजार आणि साहित्य असे शेजारी शेजारी उभे आहेत. ‘बाल्डर्स गेट ३’ मध्येही खेळाडूने आश्रयाला आलेल्या निरपराध लोकांच्या कत्तलीत भाग घेतला, तर कार्लाक आणि विल हे सोबती त्याच्यासोबत राहत नाहीत. प्रेम ही येथे वर्तनाची परीक्षा होते.

मराठी रंगभूमीच्या अभ्यासकाला यात ओळखीचे काही दिसेल. खाडिलकरांच्या ‘मानापमाना’त (१९११) धैर्यधर निर्धन म्हणून भामिनी त्याला नाकारते, पुढे वनमालेचे सोंग घेऊन ती त्याला जवळून पाहते आणि तेव्हा कोठे तिच्या मनात प्रेम अंकुरते. नकार, सोंग आणि नंतरचा होकार असा हा क्रम आहे. नकाराचा प्रवेश गाळून टाकला, तर नाटकात पदे तेवढी उरतील. देवलांच्या ‘शारदे’त (१८९९) नेमकी उलट स्थिती आहे: तेथे मुलीच्या होकाराची कोणाला गरजच वाटत नाही, कारण किंमत ठरलेली आहे. जरठाशी ठरविलेल्या त्या विवाहाला विरोध करणारे नाटक शतकाहून अधिक काळ आपण शिकवीत आलो आणि आता पैसे टाकताच वश होणाऱ्या कल्पित प्रेयसीकडे केवळ करमणूक म्हणून पाहिले, तर त्या अध्यापनाचे फलित काय, असा प्रश्न उपस्थित होतो.

६

पैशाचा प्रश्न येथे गौण नाही. ‘सगळी सोंगे आणता येतात, पण पैशाचे सोंग आणता येत नाही’ अशी म्हण आहे. ऑनलाइन खेळांतील प्रेमाला ती अक्षरशः लागू पडते. तेथे युद्ध सोंगाचे असते, राज्य सोंगाचे असते, प्रेयसीही सोंगाची असते. खरा असतो तो खात्यातून जाणारा रुपया. २०२४ मध्ये जगभर प्रसृत झालेल्या ‘लव्ह अँड डीपस्पेस’ या चिनी खेळात प्रियपात्राबरोबरचे खास प्रसंग सोडतीने निघणाऱ्या पानांतून मिळतात आणि सोडतीसाठी पैसे मोजता येतात. जुगाराची रचना आणि प्रेमाची भाषा यांचा हा संयोग आहे. भारतात २०२५ च्या ऑगस्टमध्ये झालेल्या ऑनलाइन खेळविषयक कायद्याने पैसे लावून पैसे जिंकण्याच्या खेळांना मनाई केली. तो कायदा पैशाच्या परताव्याची आशा दाखविणाऱ्या खेळांसाठी आहे. प्रेमाच्या परताव्याची आशा दाखवून होणारी विक्री हा त्याचा विषय नाही. निदान अठरा वर्षांखालील खेळाडूंच्या बाबतीत प्रेमप्रसंगांची अशी विक्री होऊ नये, ही मागणी रास्त ठरेल.

कृत्रिम बुद्धीवर चालणाऱ्या सोबत्यांनी हा प्रश्न अधिक तीव्र केला आहे. येथे लेखकाने रचलेली संहिता नसते. पात्र वापरणाऱ्याच्या बोलण्यानुसार वाक्ये जुळवीत जाते आणि त्याला धरून ठेवणे हाच त्या व्यवसायाचा लाभ असतो. २०१७ पासून चालू असलेल्या ‘रेप्लिका’ या सेवेने २०२३ च्या फेब्रुवारीत शृंगारिक संवाद बंद केले, तेव्हा अनेकांनी जवळचे माणूस एका रात्रीत परके झाल्याचे दुःख उघडपणे व्यक्त केले. त्या दुःखाची थट्टा करण्याचे कारण नाही. लक्षात घ्यावयाचे ते एवढेच की, नकार पात्राने दिलेला नव्हता. तो मालकाने दिला होता. पात्राला नाही म्हणता येत नव्हते म्हणूनच तो इतका अनाकलनीय वाटला. २०२४ मध्ये अमेरिकेत अशाच एका संवादसेवेत गुंतलेल्या चौदा वर्षांच्या मुलाच्या मृत्यूनंतर त्याच्या आईने संबंधित कंपनीवर दावा दाखल केला. एका घटनेवरून सर्व खेळांचा निवाडा करणे अन्यायाचे होईल. परंतु शेवट नसलेले आणि नकार नसलेले सोंग लहान वयात किती जड जाऊ शकते, याची ती गंभीर सूचना आहे.

शेवटाचा हा मुद्दा गुलाबाईकडे पुन्हा लक्ष वेधतो. कोजागिरीला तिचे विसर्जन होते. महिनाभर जिच्यापुढे गायले, जिचे डोहाळे पुरविले, ती माती पाण्यात जाते आणि मुली घरी परततात. विसर्जन हे खेळाचे अंग आहे. लिहिलेल्या कथानकाच्या खेळांनाही शेवट असतो. सतत चालू राहणाऱ्या ऑनलाइन विश्वात तो नसतो, आणि म्हणून तेथे प्रेमाच्या कथानकाला तरी निश्चित शेवट असणे अगत्याचे आहे.

७

वरील विवेचनाचा निष्कर्ष असा की, भूमिकाप्रधान खेळांत सोबत्यांशी प्रेमसंबंधाची सोय असण्यास साहित्यिक वा नैतिक दृष्ट्या मूलभूत हरकत घेता येत नाही. हरकत घ्यावयाची ती नकार देऊ न शकणाऱ्या, पैशाने वश होणाऱ्या आणि कधीच न संपणाऱ्या प्रेमाला. ज्या तरुणाने शेकडो वेळा वस्तू देऊन होकार मिळविला आहे, त्याला प्रत्यक्षातील मुलीचा नकार हा अपमान वाटण्याचा धोका आहे. आणि असा अपमान वाटलेल्या पुरुषांनी महाराष्ट्रात काय केले, हे वृत्तपत्रांच्या वाचकांना सांगावयास नको. ज्याने सोबतीला उठून जाताना पाहिले आहे, का गेली याचा विचार केला आहे, त्याच्या हाती निदान एक वेगळा अनुभव असतो.

मराठी विभागांपुढे यातून दोन कामे येतात. पहिले, या खेळांतील संवाद व पात्ररचना यांकडे संहिता म्हणून पाहणे. शृंगाराभास, साधारणीकरण, सोंग या संकल्पना पदव्युत्तर वर्गात केवळ व्याख्येपुरत्या शिकविल्या जातात. त्यांना येथे जिवंत उपयोजन सापडू शकते. दुसरे काम भाषेचे आहे. या खेळांतील प्रियकर-प्रेयसी इंग्रजी, जपानी, चिनी बोलतात. घरी अहिराणी बोलणारा साक्रीचा तरुण प्रेमाची पहिली विचारणा आणि पहिला नकार परक्या भाषेत वाचतो. रुसवा, टोमणा, लाडीगोडी, फटकळ उत्तर यांची जी संपत्ती गुलाबाईच्या गाण्यांत आणि गवळणीच्या संवादांत साठलेली आहे, ती या नव्या प्रकाराला देऊ शकतील असे लेखक मराठीतून आणि अहिराणीतून पुढे यावयास हवेत. ती गाणी म्हणणाऱ्या पिढीच्या तोंडून ती नीट उतरवून घेणे, सर्व पाठभेदांसह आणि चाबकाचा शेवट न गाळता, हे त्याआधीचे काम आहे आणि ते महाविद्यालयांना आजच हाती घेता येण्यासारखे आहे.